लूकने चौकशी का केली?

मराठवाड्यातून आलेली पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण त्या सर्वांच्या मुळाशी ख्रिस्ती विश्वासातील ईश्वरप्रेरणेचा प्रश्न आहे. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत. जी पत्रे लांब होती ती अर्थ न बदलता आटोपशीर केली आहेत.

जालना येथील एका विद्यार्थिनीचा प्रश्न :
रविवारच्या शाळेत आम्हांला लहानपणापासून शिकवले गेले की पवित्र शास्त्र देवाने लिहिले. आता महाविद्यालयात आल्यावर मी लूककृत शुभवर्तमान सुरुवातीपासून वाचायला घेतले, तर पहिल्या चारच वचनांत लूक सांगतो की आपण सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध केला आणि मग त्या अनुक्रमाने लिहिल्या. पवित्र आत्मा सांगत होता, तर लूकला चौकशी करण्याची गरज का पडली? मंडळीत हे विचारले तेव्हा 'तुझा विश्वास कमी पडतो आहे' असे उत्तर मिळाले.

उत्तर :
विश्वास कमी पडला असता तर तुम्ही पुस्तक मिटून ठेवले असते आणि प्रश्नही विचारला नसता. लूकच्या प्रस्तावनेवरून आपल्यापैकी बहुतेक जण घाईने पुढे जातात, कारण त्या चार वचनांत ना देवदूत आहे ना चमत्कार. आपल्या आधी अनेकांनी असे वृत्तांत लिहायला घेतले होते, आरंभापासून जे प्रत्यक्ष पाहणारे होते त्यांच्याकडून या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या, आणि थियफिल नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाला त्याने ऐकलेल्या शिक्षणाची खात्री पटावी म्हणून आपण हे काम हाती घेतले, असे तो स्वच्छ सांगतो. 'मला दृष्टान्त झाला' किंवा 'परमेश्वराचे वचन मला प्राप्त झाले' असा दावा तो कुठेही करीत नाही. तरीही ख्रिस्तमंडळीने त्याचे पुस्तक ईश्वरप्रेरित म्हणून स्वीकारले. तेव्हा प्रेरणेविषयीची आपली कल्पना जर लूकच्या पुस्तकाला लागू पडत नसेल, तर तपासायची ती कल्पनाच.

पवित्र शास्त्रात प्रेरणेविषयी थेट बोलणारी वचने थोडीच आहेत. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, शास्त्रलेख ईश्वरप्रेरित असून शिकवण्यासाठी, दोष दाखवण्यासाठी आणि सुधारण्यासाठी उपयोगी आहे असे म्हटले आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, संदेष्टे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने देवाकडून आलेले बोलले असे आहे. प्रेरणा कोणाकडून आली आणि कशासाठी आली हे या वचनांतून कळते. ती कशी घडली, याबद्दल दोन्ही ठिकाणी अवाक्षर नाही. ती मोकळी जागा भरून काढण्याचा मोह मात्र फार लवकर झाला. दुसऱ्या शतकातील अथेनागोरस या ख्रिस्ती लेखकाने, बासरीवादक बासरीत फुंकर घालतो तसा आत्म्याने संदेष्ट्यांचा उपयोग केला, अशी उपमा दिली. उपमा देखणी आहे, पण बासरीला स्वतःचे काही सांगायचे नसते. देवाने मजकूर सांगावा आणि माणसाने तो उतरवून घ्यावा, हीच कल्पना पुढे सामान्य भाविकांच्या मनात घर करून राहिली, आणि रविवारच्या शाळेत तुमच्या कानांवर पडले ते तिचेच सोपे रूप होय.

ही कल्पना पौलाच्या एका पत्राला लावून पाहा. करिंथ येथील मंडळीत 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' असे तट पडले होते. त्यावर संतापलेला पौल पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की क्रिस्प व गायस यांच्याखेरीज तुमच्यापैकी कोणाचाही बाप्तिस्मा मी केला नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. एवढे लिहून होते न होते तोच त्याला आठवते की स्तेफनाच्या घरच्यांचाही आपण केला होता. तेही तो लिहितो, आणि पुढे जोडतो की याशिवाय आणखी कोणाचा केला असल्यास मला ठाऊक नाही. आधीचे वाक्य खोडलेले नाही. विधान, त्याची दुरुस्ती आणि विस्मरण ही तिन्ही एकापाठोपाठ जशीच्या तशी शास्त्रात आली आहेत. देव शब्दन्‌शब्द सांगत होता असे धरले, तर 'मला ठाऊक नाही' हे वाक्य नेमके कोणाचे, असा विचित्र पेच उभा राहतो. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात विवाहाविषयी लिहिताना तो एका ठिकाणी 'ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची आहे' असे म्हणतो, आणि दोनच वचनांनंतर 'हे प्रभू नव्हे, मी सांगतो' असे बजावतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस तर्तिय नावाचा लेखनिक स्वतःच्या वतीने सलाम सांगतो. आणि शास्त्र ईश्वरप्रेरित असल्याचे वचन ज्या पत्रात आहे, त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात पौल तीमथ्याला कळवतो की त्रोवस येथे कार्पाजवळ राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रेही आण. शेवटी तो हिवाळ्यापूर्वी येण्याचीही विनवणी करतो, तेव्हा झग्याची निकड लक्षात येते.

ही उदाहरणे शास्त्राला उणेपणा आणत नाहीत. देवाने माणसाला बाजूला न सारता माणसाकरवीच बोलणे केले, असे ख्रिस्ती विश्वासाचे म्हणणे आहे आणि ही उदाहरणे त्याला धरूनच आहेत. संदेष्टा आमोस हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. इस्राएलाचे काय उरेल हे सांगताना त्याला सिंहाच्या जबड्यातून मेंढपाळाने ओढून काढलेले मेंढराचे दोन पाय किंवा कानाचा तुकडा सुचतो. राजांशी तोंडावर बोलणाऱ्या यशयाची भाषा वेगळी आहे. आत्मा एक असून भाषा दोन, हे ज्याला खटकत नाही त्याला लूकची चौकशीही खटकू नये.

याबाबतीत एरवी फारसे न पटणारे दोन पक्ष एकमताने बोलतात. कॅथलिक मंडळीच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयी जे संविधान प्रसृत केले, त्यात देवाने निवडलेल्या माणसांनी आपल्या स्वतःच्या शक्ती व क्षमता वापरून खरे लेखक म्हणून लिहिले, असे स्पष्ट म्हटले आहे. पवित्र शास्त्रात कोणत्याही प्रकारची चूक नाही असा आग्रह धरणाऱ्या प्रॉटेस्टंट विद्वानांनी १९७८ मध्ये शिकागो येथे केलेल्या निवेदनातही, देवाने लेखकांचे व्यक्तिमत्त्व दडपून टाकले ही कल्पना नाकारली आहे. त्यांच्यातील मतभेद पुढे सुरू होतो. शिकागोचे निवेदन इतिहास व सृष्टिविज्ञान यांविषयीची विधानेही निर्दोष मानते; व्हॅटिकनचे संविधान, आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवून ठेवायचे होते ते शास्त्र निर्दोषपणे शिकवते, असे शब्द योजते. मला दुसरी मांडणी अधिक सावध वाटते, कारण तिच्यात क्रिस्प, गायस आणि स्तेफना यांच्या हिशेबाने कोणाची झोप उडत नाही.

तेव्हा लूकच्या बाबतीत प्रेरणा आणि चौकशी अशी वाटणी करू नये. साक्षीदारांना गाठावे, ऐकलेले पडताळून पाहावे आणि ते ओळीने मांडावे, असे त्याला वाटले, हेच आत्म्याचे काम. त्याचे फळ तुमच्या हातात आहे : उधळ्या पुत्राचा दाखला आणि वाटेत जखमी पडलेल्याला उचलून उतारशाळेत नेणाऱ्या शोमरोन्याचा दाखला हे चारही शुभवर्तमानांपैकी फक्त लूकमध्येच सापडतात. लूकने विचारपूस केली नसती, तर हे दोन्ही दाखले आपल्यापर्यंत पोहोचले असते की नाही, याचा विचार तुम्हांला 'विश्वास कमी आहे' म्हणणाऱ्यांनी करावा.

गंगाखेड येथील एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न :
मी वारकरी आहे आणि जनाबाईंच्या गावचा आहे. आपल्या मुखातून बोलणारा निराळाच आहे, बोलविता धनी तो, अशीच आमच्या संतांची भावना. ख्रिस्ती लोकांची ईश्वरप्रेरणा याहून वेगळी आहे काय? आणि ख्रिस्ती माणूस आमच्या संतवाणीला प्रेरित मानतो काय?

उत्तर :
गुरुजी, आपल्या पत्रातील दुसरा प्रश्न अवघड आहे, म्हणून आधी पहिला घेतो.

जवळीक नक्कीच आहे. बोलणाऱ्याने बोलण्याचे श्रेय स्वतःकडे घेऊ नये, हा भाव संदेष्ट्यांमध्ये आणि संतांमध्ये सारखाच दिसतो. फरक मला दोन ठिकाणी जाणवतो. संतवाणीचा अधिकार संतांच्या अनुभवातून येतो, असे मी वारकरी मित्रांकडून ऐकत आलो आहे. नामदेवांचा किंवा जनाबाईंचा अभंग त्यांच्या भक्तीपासून वेगळा काढता येत नाही. ख्रिस्ती मांडणीत लेखकाची आध्यात्मिक उंची ही प्रेरणेची अट नाही. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी, ही शलमोनाची सूत्रे यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतली, अशी नोंद आहे. ती माणसे संत होती की दरबारी कारकून, याची कोणी विचारपूस केलेली नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक कोण, हेसुद्धा निश्चित ठाऊक नाही, आणि तरीही ते पत्र नव्या करारात आहे. दुसरा फरक असा की ख्रिस्ती शास्त्र मुख्यतः घडलेल्या गोष्टींची साक्ष देते. मिसरातून सुटका, बाबेलातील बंदिवास आणि पंतय पिलाताच्या अमदानीत येशूला झालेला वधस्तंभ या घटनांवाचून त्याला अर्थ राहत नाही. म्हणूनच ते साक्षीचे पुस्तक ठरावीक ठिकाणी पुरे झाले असे मंडळी मानते. नव्या करारातील आजची सत्तावीस पुस्तके नेमकेपणाने सांगणारी पहिली ज्ञात यादी अलेक्झांड्रियाच्या अथनासियसाने ३६७ साली लिहिलेल्या पत्रात आहे.

आता दुसरा प्रश्न. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्स येथे उभा राहून ग्रीक लोकांना देवाविषयी सांगतो आणि आधार म्हणून 'तुमच्या कवींपैकीही काहींनी म्हटले आहे' असे म्हणून त्यांच्याच काव्यातील ओळ देतो. ती ओळ खरी आहे असे त्याला वाटते; ती शास्त्र आहे असे तो म्हणत नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये विश्वासासाठी मारला गेलेला जस्टिन याने सॉक्रेटिसासारख्यांमध्येही देवाच्या शब्दाचे बीज पेरलेले होते असे लिहिले. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि त्यांच्या भजनांवर वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही औपचारिक उत्तर तसे सोपे नाही. डिसेंबर १९७४ मध्ये बंगळूर येथे कॅथलिक धर्मपंडितांनी बायबलबाहेरील धर्मग्रंथांवर एक संशोधन परिषद भरवली होती, आणि अशा ग्रंथांना काही अंशी तरी प्रेरित म्हणता येईल काय, हा प्रश्न तेथे गांभीर्याने चर्चिला गेला. पुढे ऑगस्ट २००० मध्ये रोमहून निघालेल्या घोषणापत्राने, अन्य धर्मग्रंथांतून अनेकांचे देवाशी नाते पोसले जाते हे मान्य करूनही, 'प्रेरित ग्रंथ' हे नाव जुन्या व नव्या कराराच्या पुस्तकांपुरतेच राखून ठेवले. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या याबाबतीत तितक्याच, किंबहुना अधिक कडक आहेत. माझे मत विचाराल, तर मी त्या नावाची मर्यादा पाळतो आणि तरीही जनाबाईंचे अभंग वाचतो. देव गंगाखेडमध्ये मुका राहिला असे म्हणण्याचा अधिकार मला कोणत्याही वचनाने दिलेला नाही.

उदगीर तालुक्यातील एका भगिनीचा प्रश्न :
आमच्या वस्तीवर दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना सभा होते. सभा चालवणाऱ्या बाईंशी प्रभू थेट बोलतो असे सगळे मानतात. सोयाबीनचे पैसे हाती आल्यानंतरच्या सभेत त्यांनी डोळे मिटलेले असतानाच माझ्या यजमानांचे नाव घेतले आणि 'रस्त्याकडेची दोन एकर जमीन विकून टाका, प्रभूने मला तसे दाखवले आहे' असे सर्वांसमोर सांगितले. यजमान तेव्हापासून गप्प आहेत. मी घाबरले आहे. जमीन विकली नाही तर पवित्र आत्म्याचे न ऐकल्याचे पाप आम्हांला लागेल काय?

उत्तर :
लागणार नाही, ताई. हे आधी सांगतो, आणि त्या सभेत झालेल्या बोलण्यावरून कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा होऊ देऊ नका, हेही सांगतो. कारणे आता देतो.

शास्त्राची प्रेरणा एक गोष्ट आहे आणि आज एखाद्याला प्रार्थनेत सुचलेली गोष्ट दुसरी. पहिलीला मंडळीने कसोटी म्हणून स्वीकारले आहे. दुसरी त्या कसोटीला लावून पाहायची आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल, आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, असे म्हणतो आणि त्याला जोडूनच, सर्व गोष्टींची पारख करा, असे सांगतो. आमच्याकडे पहिली दोन वाक्ये मोठ्याने वाचली जातात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर पारख कोणी करायची तेही दिले आहे : संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी निर्णय करावा. 'इतरांनी' यात तुमचे यजमान येतात आणि तुम्हीही येता.

प्रेषितांच्या कृत्यांचा एकविसावा अध्याय तुम्ही दोघे घरी बसून सावकाश वाचा. पौल यरुशलेमेकडे निघाला आहे. सोर गावातील शिष्य त्याला आत्म्याच्या द्वारे सांगतात की तू यरुशलेमेस जाऊ नकोस. पुढे कैसरीयात फिलिप्पाच्या घरी असताना यहूदीयाहून अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरपट्टा घेतो, त्याने स्वतःचेच हातपाय बांधतो आणि म्हणतो की हा कमरपट्टा ज्याचा आहे त्याला यरुशलेमेत असेच बांधतील. सगळे रडू लागतात, जाऊ नको म्हणून विनवतात. पौल ऐकत नाही आणि जातो. त्याने आत्म्याचा अपमान केला असे लूक लिहीत नाही. उलट सोबतचे लोक 'प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो' असे म्हणून गप्प राहतात. अगबाने काय घडणार ते सांगितले, काय करायचे ते पौलावर सोडले. तुमच्या सभेत याच्या उलट झाले आहे.

दुसऱ्या शतकात, आज तुर्कस्तानात मोडणाऱ्या फ्रिगिया प्रांतात, मोंटानस आणि त्याच्यासोबतच्या प्रिस्का व मॅक्सिमिला या दोन स्त्रिया भान हरपून संदेश देत असत. त्यांच्याविरुद्ध मंडळीने घेतलेल्या आक्षेपांपैकी एक हाच होता की खरा संदेष्टा बुद्धी हरवून बोलत नाही. आत्मा येतो तेव्हा माणसाचा विवेक जातो, असे मानणाऱ्यांना पौलानेही उत्तर दिले आहे : संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. बोलणाऱ्याचा विवेक शाबूत राहतो, तर ऐकणाऱ्याने तो दाराबाहेर ठेवून यावे असे कोण म्हणेल?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. 'दिदाखे' म्हणजे प्रेषितांची शिकवण या नावाचे एक फार जुने छोटे पुस्तक आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर थोड्याच काळात ते तयार झाले असे मानतात. गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांचा पाहुणचार कसा करावा याचे नियम त्यात आहेत. आत्म्यात येऊन 'मला पैसे द्या' असे कोणी म्हणाला तर त्याचे ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतांसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका, असे तेथे म्हटले आहे. आपण आज ज्या शंकेने चाचरतो ती त्या काळच्या भाविकांनी उघडपणे लिहून ठेवली होती. म्हणून विचारायला लाजू नका : ही जमीन विकत घेण्याची इच्छा कोणी व्यक्त केली आहे काय, आणि आलेले पैसे कोठे जावेत असे सुचवले जात आहे? उत्तर निर्मळ असेल तर बाईंना राग येण्याचे कारण नाही. त्या मुद्दाम फसवत आहेत असे मी म्हणत नाही. मनापासून प्रार्थना करणाऱ्या माणसालाही स्वतःच्या मनातले आणि प्रभूचे यांतला फरक प्रत्येक वेळी कळतोच असे नाही. त्या स्त्री आहेत म्हणूनही त्यांचे बोलणे उडवून लावू नये, कारण त्याच एकविसाव्या अध्यायात फिलिप्पाच्या चार मुली संदेश देणाऱ्या होत्या अशी नोंद आहे. पाळकांना व मंडळीच्या पंचांना विचारा, आणि यजमानांना त्यांच्या मनात काय आहे ते बोलू द्या. जमीन त्यांची आहे.

नांदेड येथील एका वाचकांचा प्रश्न :
कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आणि आमच्यात ६६. मग प्रेरित किती?

उत्तर :
नव्या करारातील २७ पुस्तकांबद्दल वाद नाही. फरक जुन्या करारात आहे : तोबित, यूदीथ, मक्काबींची दोन पुस्तके, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, बेनसीरा आणि बारूख ही सात पुस्तके, तसेच एस्तेर व दानीएल यांतील काही भाग. ग्रीक भाषेतील जुन्या कराराबरोबर ती पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या वापरात होती, यहूदी लोकांच्या इब्री संग्रहात नव्हती. चौथ्या-पाचव्या शतकांतील धर्मपंडितांपैकी जेरोम इब्री संग्रहाकडे झुकला, ऑगस्टीन दुसरीकडे. मार्टिन ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ती वेगळी काढून, वाचायला चांगली पण शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, या शेऱ्यानिशी छापली. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४६ मध्ये ती प्रेरित असल्याचे ठरवले. मी स्वतः ६६ मानणाऱ्या मंडळीत वाढलो. तरी बेनसीराचे पुस्तक वाचून कोणाचे नुकसान झाल्याचे मी पाहिलेले नाही.

पैठण येथील एका वाचकांचा प्रश्न :
बायबलच्या एकाही पुस्तकाची मूळ हस्तलिखित प्रत आज उपलब्ध नाही आणि नकलांमध्ये फरक आहेत, असे वाचले. मूळच हरवले असेल तर 'ईश्वरप्रेरित' म्हणण्यात काय उरते?

उत्तर :
आपण वाचले ते खरे आहे. नव्या कराराचा सर्वांत जुना मानला जाणारा तुकडा मँचेस्टर येथे आहे. तळहातापेक्षा लहान, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, योहानाच्या अठराव्या अध्यायातील काही ओळींचा, आणि साधारणपणे दुसऱ्या शतकातला समजला जाणारा. तीही नक्कलच. जुन्या कराराच्या बाबतीत १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत यशयाची गुंडाळी सापडेपर्यंत हाताशी असलेल्या इब्री प्रती तिच्याहून सुमारे हजार वर्षांनी अलीकडच्या होत्या. ताडून पाहता फरक पुष्कळ निघाले, पण बहुतेक लेखनपद्धतीचे आणि किरकोळ शब्दांचे. काही ठिकाणी मात्र जुन्या गुंडाळीचा पाठ अधिक चांगला वाटल्याने भाषांतरकारांनी तो घेतला.

आपण पैठणचे आहात, म्हणून एक आठवण देतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढच्या सुमारे तीनशे वर्षांत नकला होता होता तिच्यात इतके पाठभेद शिरले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती ताडून तिचे शुद्धीकरण केले, आणि यापुढे जो तिच्यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे, असे बजावले. ज्ञानदेवांच्या हातची प्रत समोर नाही, म्हणून ज्ञानेश्वरी उरली नाही, असे नाथांना वाटले नाही. नकला तपासण्याचे कष्ट त्यांनी श्रद्धेपोटीच घेतले. बायबलचे पाठसंशोधक करतात ते काम याच जातीचे आहे.

काही धर्मपंडितांनी मात्र, विशेषतः १८८१ मध्ये अमेरिकेतील हॉज आणि वॉरफिल्ड यांनी, संपूर्ण निर्दोषता मूळ प्रतींपुरती मर्यादित करून या अडचणीतून वाट काढली. मला ती वाट पटत नाही, आणि त्याचे कारण यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात आहे. इसवी सनापूर्वी ६०५ च्या सुमारास यिर्मया तोंडाने सांगतो आणि बारूख शाईने गुंडाळीवर लिहून घेतो. ती गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाते. थंडीचे दिवस आहेत, राजा हिवाळी महालात बसला आहे, पुढ्यात शेगडी पेटलेली आहे. वाचणाऱ्याने तीन-चार रकाने वाचले की राजा तेवढा भाग लेखनिकाच्या चाकूने कापतो आणि शेगडीत टाकतो, आणि गुंडाळी संपेपर्यंत हेच चालते. तिघे अधिकारी 'जाळू नका' म्हणून विनवतात, तो ऐकत नाही. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो आणि बारूखाकडून जळालेला सर्व मजकूर पुन्हा लिहून घेतो. आणि शेवटचे वाक्य असे आहे की त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर घालण्यात आली. म्हणजे मूळ प्रत गेली, आणि नवी तिच्याहून मोठी निघाली; प्रेरणा पहिल्या कातड्याला किंवा पपायरसाला चिकटलेली असती तर यिर्मयाचे पुस्तक आपल्या शास्त्रात यायलाच नको होते.

घरातील प्रतीत योहानाचा सातवा अध्याय संपतो ती जागा काढून पाहावी. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची हकिकत सर्वांत जुन्या प्रतींत नाही, म्हणून अनेक आवृत्त्यांत ती कंसात किंवा तळटीपेसह छापलेली असते. मार्काच्या सोळाव्या अध्यायातील शेवटच्या बारा वचनांचेही तसेच आहे. आपल्या आवृत्तीत अशी टीप नसेल, तर टीप असलेली आवृत्ती जवळ ठेवावी.